एक केबल, एकोणीस डिव्हाइस: कंट्रोल नेटवर्कवर प्रत्येकाला वेळेत पाळी कशी द्यायची

भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपची गोष्ट आधी सांगतो, पुढचं सगळं तिथूनच आलंय. बारा झोनची भट्टी, प्रत्येक झोनला थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) आणि त्याचं टेम्परेचर मॉड्यूल, ती बाराही मॉड्यूल एकाच आरएस-४८५ सिरियल लाईनवर मॉडबस आरटीयूने (मास्टर एकेका स्लेव्हला विचारतो, तो उत्तर देतो अशी बोलायची पद्धत) पीएलसीला (मशीन चालवणारा कंट्रोलर, इथे तोच मास्टर) जोडलेली. पीआयडी (तापमान हवं तिथे ठेवणारं गणित) पीएलसीमध्ये, आउटपुट अॅनालॉग कार्डातून थायरिस्टरला (हीटरची पॉवर कमीजास्त करतो तो). त्याच लाईनवर फॅनचे चार व्हीएफडी (मोटरची स्पीड बदलणारे ड्राइव्ह), आणि नंतर वीजबिलाचा हिशोब हवा म्हणून जोडलेले तीन एनर्जी मीटर. एकूण एकोणीस. दोन वर्षं व्यवस्थित चाललं आणि मग एका रात्री फोन, झोन सातचं आउटपुट नाचतंय, अँपिअर वरखाली होतायत. थर्मोकपल बदललं, मॉड्यूल बदललं, अर्थिंग तपासलं, फरक शून्य. पहाटे तीनला कळलं की शंभर मीटर लांबच्या मेन पॅनलमधला एक एनर्जी मीटर बंद पडलाय, त्याचा कंट्रोल फ्यूज उडालेला. भट्टीचा त्या मीटरशी काडीचा संबंध नाही, फक्त केबल एक.

आमची शेती चारीच्या टोकाला आहे, त्यामुळे हे दुखणं मला लहानपणापासून माहितीय. पाणी एकच, वर कुणी दार उघडं ठेवून झोपला की टेलवाल्याचं पीक वाळतं. म्हणून तर कॅनॉलवर शेजपाळी असते, आणि तीही सगळ्यांना सारखे तास अशी नसते, कुणाचं पीक कुठलं, क्षेत्र किती, त्यावर ठरते. नेटवर्कचंही अगदी तसंच. सगळ्यांना समान पाळी म्हणजे न्याय नाही. ज्याच्या लूपला (मोजायचं आणि त्यावरून आउटपुट बदलायचं, हे चक्र) डेटा जितका ताजा लागतो तितका ताजा त्याला मिळाला पाहिजे आणि एकाचं दुखणं दुसऱ्याच्या वाट्यातून जाता कामा नये, माझ्या मते न्याय्य वाटप म्हणजे एवढंच. आता हे करायचं कसं ते बघू.

सगळ्यात आधी कागद पेन घ्या आणि लाईनवर वेळ कुठे जातो ते मोजा. खरंच मोजा, अंदाज नको. आमची लाईन ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) होती, इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा एक जादा बिट), म्हणजे एका कॅरॅक्टरला ११ बिट, म्हणजे १.१५ मिलिसेकंद. मास्टरची रिक्वेस्ट ८ बाइटची, ९ मिलिसेकंद गेले. दोन रजिस्टरचं (एक रजिस्टर म्हणजे १६ बिटचा आकडा) उत्तर ९ बाइटचं, १० मिलिसेकंद. मॉडबस आरटीयूमध्ये दोन फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे एक पूर्ण मेसेज) मध्ये साडेतीन कॅरॅक्टरची शांतता लागते, ती दोनदा, ८ मिलिसेकंद. आणि मॉड्यूल उत्तर द्यायच्या आधी जो विचार करतं त्याचे आमच्याकडे साधारण २० मिलिसेकंद निघाले. बेरीज ४८. बारा मॉड्यूलचे ५७६. व्हीएफडीची चार रजिस्टर, प्रत्येकी ५२, चारांचे २०८. एनर्जी मीटरमधून मात्र कुणीतरी एकदम ६० रजिस्टर वाचायला ठेवलेली, व्होल्टेज करंट पॉवर फॅक्टर हार्मोनिक सगळं, उत्तर १२५ बाइटचं, म्हणजे एका मीटरला १८० मिलिसेकंद, तिघांचे ५४०.

एकूण फेरी १.३ सेकंदाची. आणि त्यातला ४१ टक्के वेळ तीन मीटर खातायत, जे महिन्याच्या शेवटी एकदा बघितले जातात! पाळी सगळ्यांना एकेकच होती बरं का, पण पाळीची लांबी कुणी मोजलीच नव्हती.

आता मीटर मेल्यावर काय झालं ते बघा. टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मर्यादा) १ सेकंद ठेवलेला, रिट्राय ३. म्हणजे पहिला प्रयत्न आणि वर तीन, मेलेल्या मीटरसमोर पीएलसी प्रत्येक फेरीत चार सेकंद उभा. फेरी १.३ वरून ५.१ सेकंदांवर गेली. भट्टीचा झोन तापायला निवायला मिनिटं घेतो, त्याला पाच सेकंद जुना आकडा चालला असता खरंतर. पण पीआयडी दर सेकंदाला चालत होता. चार वेळा तोच आकडा, तोच आकडा, तोच आकडा, डी (पीआयडीतला, आकडा किती वेगाने बदलतोय ते बघणारा भाग) म्हणतोय काही बदल नाही, आणि पाचव्या वेळी पाच सेकंदांचा साठलेला फरक एकदम आला की डीला वाटतं तापमान एका सेकंदात उसळलं, तो आउटपुटला लाथ मारतो. झोन सातमध्ये डी सगळ्यात जास्त लावलेला म्हणून तिथे आधी दिसलं, ट्रेंड उघडून नीट बघितलं तर बाराही झोनमध्ये तीच करवत होती, फक्त दात लहान.

यातून पहिला बदल, टाइमआउट आणि रिट्राय. टाइमआउट हजार मिलिसेकंद ही व्हॅल्यू बहुतेक वेळा डिफॉल्ट असते म्हणून तशीच राहते. प्रत्येक डिव्हाइसचा खरा जास्तीत जास्त रिस्पॉन्स टाइम मोजा (एक यूएसबी कन्व्हर्टर लावून लाईन ऐकली की अर्ध्या तासात कळतं) आणि त्याच्या दोन ते तीन पट ठेवा. आमच्या मॉड्यूलला १०० पुरले. तुमचा मास्टर टाइमआउट उत्तराच्या पहिल्या बाइटपर्यंत मोजतो की पूर्ण उत्तर येईपर्यंत हे मॅन्युअलात बघून घ्या, कारण दुसऱ्या प्रकारात लांब उत्तराचा वेळही त्यात धरावा लागतो, नाहीतर चांगलं डिव्हाइस उगाच फेल दिसतं. रिट्राय त्याच फेरीत करूच नका. उत्तर नाही आलं, पुढे चला, पुढच्या फेरीत परत विचारा. रिट्राय म्हणजे काय तर ज्याने आपली पाळी वाया घालवली त्याला लगेच दुसऱ्याची पाळी देणं.

आणि सलग तीन फेऱ्या उत्तर नाही आलं तर त्या डिव्हाइसला नेहमीच्या यादीतून काढा, अलार्म द्या, आणि ३० सेकंदांनी एकदा हाक मारून बघा. आलं उत्तर तर परत यादीत. काही मास्टर ब्लॉकमध्ये ही सोय तयार मिळते, नसेल तर प्रत्येक स्लेव्हला एक फेल काउंटर आणि एक टायमर, वीस ओळींचं लॉजिक आहे, करा. माझ्या अनुभवात एवढ्या एका बदलाने जितका त्रास वाचतो तितका बॉड रेट वाढवून वाचत नाही.

बॉड रेटचं सांगतोच. सगळे आधी तिकडेच धावतात. ९६०० चा १९२०० केला तर मॉड्यूलचे ४८ मिलिसेकंद २४ होतील असं वाटतं, होतात ३४. कारण मॉड्यूलचे स्वतःचे विचार करायचे २० मिलिसेकंद कमी होत नाहीत. जरूर वाढवा, १४ मिलिसेकंदही कामाचे आहेत, पण आधी वायरिंग बघा. डेझी चेन (एकातून पुढच्यात अशी जोडणी) आहे का, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर आहे का, मधून कुणी फांद्या काढल्यात का, केबल व्हीएफडीच्या मोटर केबलला चिकटून एकाच ट्रेमधून तर जात नाहीये ना. सीआरसी (फ्रेम खराब झाली का ते तपासणारा आकडा) एररचा काउंटर वाढत असेल तर प्रत्येक खराब फ्रेम ही कुणाची तरी वाया गेलेली पाळी आहे.

आता मुख्य काम, पाळीपत्रक. डिव्हाइसची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न: हा आकडा जास्तीत जास्त किती शिळा चालेल? सरासरी नाही, जास्तीत जास्त. कंट्रोल लूपसाठी रूढ ठोकताळा असा की बंद लूपचा राइज टाइम (नव्या पातळीपर्यंत चढायला लागणारा वेळ) जितका, त्यात ४ ते १० सॅम्पल (रीडिंग) पडले पाहिजेत. झोनचा राइज टाइम मिनिटाच्या वर असेल तर खरंतर पाच सात सेकंदांचं सॅम्पलिंगही चालेल, पण मग ते दर वेळी तेवढंच असायला हवं आणि पीआयडीही त्याच तालावर चालायला हवा. आम्ही झोनला १ सेकंद धरला, व्हीएफडीच्या स्टेटसला ३, मीटरला १० सेकंद. हा प्रश्न प्रॉडक्शनवाल्यांसमोर बसून विचारा, कारण प्रत्येक जण आधी म्हणतो मला रिअल टाइम पाहिजे. त्यांना विचारायचं, दहा सेकंद जुना किलोवॉट-अवर बघून तुम्ही नक्की काय वेगळं कराल? उत्तर येत नाही, मग दहा सेकंद लिहा.

मग आम्ही फेरी अशी बांधली. प्रत्येक फेरीत बाराही झोन, ५७६ मिलिसेकंद. त्यानंतर एक जागा व्हीएफडीसाठी, चारातला एकच, पुढच्या फेरीत पुढचा, ५२ मिलिसेकंद. त्यानंतर एक जागा मीटरसाठी. पण मीटरची १८० मिलिसेकंदांची एक लांब पाळी मी तोडली, ६० रजिस्टरचे १५-१५ चे चार तुकडे, एक तुकडा ७७ मिलिसेकंद. इथे हिशोब नीट समजून घ्या, चार तुकड्यांचे मिळून ३०८ होतात, म्हणजे एकूण वेळ वाढला, १८० चा ३०८ झाला, प्रत्येक तुकड्याला रिक्वेस्ट, शांतता आणि विचार करायचा वेळ परत द्यावा लागतो ना. तरीही हेच बरोबर, कारण आता मीटर कुणालाही ७७ च्या वर थांबवत नाही आणि त्याला स्वतःला घाई नाहीये. (जे रजिस्टर एका क्षणाचं एकत्र लागतं, उदा. ३२ बिटच्या किलोवॉट-अवरचे दोन भाग, ते मात्र एकाच तुकड्यात ठेवा, नाहीतर अर्धा आकडा जुना आणि अर्धा नवा असा भलताच आकडा बनतो.)

एकूण फेरी ५७६ अधिक ५२ अधिक ७७, म्हणजे ७०५ मिलिसेकंद. झोन दर ०.७ सेकंदाला, प्रत्येक व्हीएफडी चार फेऱ्यांनी म्हणजे २.८ सेकंदांनी, मीटरचे बारा तुकडे बारा फेऱ्यांत, साडेआठ सेकंदांनी. तिन्ही मर्यादा पाळल्या गेल्या, त्याच केबलवर, त्याच बॉड रेटला. एखादं मॉड्यूल मेलंच तर त्या फेरीत १०० मिलिसेकंदांचा टाइमआउट पडतो, फेरी जेमतेम पाऊण सेकंदाची होते, आणि तीन फेऱ्यांनंतर परत नॉर्मल.

लिहायच्या कमांड विसरू नका. ऑपरेटरने सेटपॉइंट (हवा असलेला आकडा) बदलला की तो मध्येच घुसतो, घुसू द्या, पण दोन रिडच्या मध्ये एकच राइट अशी मर्यादा ठेवा. आणि प्रोग्राममध्ये बघा की सेटपॉइंट फक्त बदलल्यावरच लिहिला जातोय ना. मी असे कितीतरी प्रोग्राम बघितलेत जिथे व्हीएफडीची स्पीड दर स्कॅनला (प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला) लिहिली जाते, तीच ५० हर्ट्झ, तीच ५० हर्ट्झ, दिवसभर, आणि मग म्हणतात लाईन स्लो आहे. अपवाद एकच, व्हीएफडीला कम्युनिकेशन वॉचडॉग (मेसेज थांबले हे ओळखणारा टायमर) लावला असेल तर त्याला ठराविक वेळेत काहीतरी मिळत राहावं लागतं, मग त्या वेळेच्या निम्म्यात एकदा लिहा, बास.

पीआयडीच्या बाजूनेही एक काम आहे. प्रत्येक झोनच्या आकड्याला वय लावा, म्हणजे एक टायमर जो यशस्वी रिड झाला की शून्य होतो. पीआयडी नवीन आकडा आल्यावरच चालवा आणि मधला खरा वेळ त्याला द्या. वय ३ सेकंदांच्या वर गेलं तर आउटपुट आहे तिथे धरून ठेवा आणि अलार्म, १५ च्या वर गेलं तर आउटपुट खाली आणा. हे आकडे आमच्या भट्टीचे, तुमचे प्रोसेसप्रमाणे ठरवा. ओव्हर टेम्परेचरचं ट्रिप मात्र नेटवर्कवर कधीच ठेवू नका, त्याला वेगळं थर्मोकपल, वेगळा कंट्रोलर आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंत थेट वायर. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

अजून एक चोर असतो जो पॅनलमध्ये दिसत नाही, तो म्हणजे गेटवे (इथरनेट आणि सिरियल लाईन जोडणारा डबा). मॉडबस टीसीपीचं गेटवे लावलं की लाईन सगळ्यांना मोकळी होते. पीएलसी विचारतो, स्काडा (प्लांटवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) विचारतो, मग कुणीतरी एनर्जी मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर लावतं, तेही दर सेकंदाला तेच विचारतं. गेटवेच्या मागची सिरियल लाईन तर एकच, आणि गेटवे बिचारं आलेल्या रिक्वेस्ट साधारण आल्या क्रमाने पुढे ढकलतं, जो जास्त विचारेल त्याला जास्त मिळतं. तुमचं पाळीपत्रक कितीही सुंदर असो, तिथे त्याची वाट लागते. उपाय एकच: सिरियल लाईनला फक्त पीएलसी विचारेल. बाकी सगळ्यांनी पीएलसीच्या मेमरीतून वाचायचं, वयासकट. आयटीवाल्यांना हे समजावताना थोडा त्रास होतो, पण वरचा हिशोब कागदावर दाखवला की पटतं.

कॅन बसवर (हे दुसऱ्या प्रकारचं नेटवर्क) प्रश्न वेगळा आहे. तिथे मास्टर विचारत नाही, ज्याला बोलायचंय तो बोलतो, आणि दोघं एकदम बोलले तर लहान आयडीवाला (आयडी म्हणजे मेसेजचा नंबर) जिंकतो, मोठा आयडीवाला गप्प बसून परत प्रयत्न करतो. बॉशने १९८६ मध्ये हे आणलं, गाड्यांसाठी, आणि ही मारामारी एकही बिट वाया न घालवता सुटते हे फार सुंदर आहे. पण यात न्याय आपोआप येत नाही. १२५ केबीपीएसवर ८ बाइटची फ्रेम स्टफिंगसकट (मध्ये घातलेले जादा बिट धरून) जास्तीत जास्त १३५ बिट, म्हणजे १.०८ मिलिसेकंद. एखादा लहान आयडीचा नोड (बसवरचं डिव्हाइस) न थांबता बोलत सुटला तर तो सेकंदाला नऊशेच्या वर फ्रेम टाकून पूर्ण बस एकटा खाऊ शकतो. बहुतेक वेळा असा नोड म्हणजे व्हायब्रेशनमुळे थरथरणारा अॅनालॉग इनपुट असतो जो बदल झाला की पाठवतो, आणि त्याचा शेवटचा बिट सतत बदलत असतो. कॅनओपनमध्ये (कॅनवर चालणारा प्रोटोकॉल) यासाठी इनहिबिट टाइम (दोन मेसेजमधलं किमान अंतर) आहे, ट्रान्समिट पीडीओच्या (डेटा पाठवायचा मेसेज) १८०० हेक्सपासूनच्या ऑब्जेक्टमध्ये सबइंडेक्स ३, एकक १०० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे १० मिलिसेकंद हवे तर १०० लिहा. प्रत्येक इव्हेंटवाल्या पीडीओला तो भराच, शून्य सोडू नका. आणि आयडी वाटताना ज्याची डेडलाइन सगळ्यात कमी त्याला सगळ्यात लहान आयडी. मशीन महाग आहे किंवा साहेबांच्या लक्षातलं आहे म्हणून लहान आयडी देऊ नका. आयडी महत्त्वावर नाही, घाईवर ठरतो.

प्रोफिबसवाल्यांनी (हेही कारखान्यातलं एक नेटवर्क) हा विचार फार आधी करून ठेवलाय. दोन तीन मास्टर असतील तर टोकन (बोलायची परवानगी) फिरतं, आणि टोकन उशिरा हातात आलं तर त्या मास्टरला फक्त एकच तातडीचा मेसेज टाकायची परवानगी, बाकीचं पुढच्या फेरीत. उशीर झाला म्हणून कुणी आपला पूर्ण वाटा वसूल करत बसत नाही. तुम्ही स्वतः पोलिंग लिहीत असाल तर ही युक्ती उचलण्यासारखी आहे.

इथरनेटवर आलं की लोकांना वाटतं आता १०० एमबीपीएस आहे, कसली काटकसर. पण भांडण तिथेही होतं, फक्त जागा बदलते. मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) असो अनमॅनेज्ड असो, स्विचमध्ये गर्दी होते ती बाहेर पडणाऱ्या पोर्टवर, म्हणून आधी नकाशा काढा आणि कुठली केबल सामायिक आहे ते शोधा. बहुतेक वेळा ती दोन पॅनलमधली लिंक असते. एका लाईनवर असं होतं, व्हिजन कॅमेरा गिगाबिट, पण दोन पॅनलमधली लिंक जुन्या स्विचमुळे १०० एमबीपीएसची, आणि त्याच लिंकवरून प्रोफिनेटचा (इथरनेटवरचं कंट्रोल नेटवर्क) रिमोट आयओ (लांबचे इनपुट-आउटपुट) २ मिलिसेकंदांच्या अपडेट टाइमवर. कॅमेऱ्याचा १.३ मेगापिक्सेलचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे १ कोटी बिटच्या वर, ती लिंक शंभर मिलिसेकंद पूर्ण भरते. आणि प्रोफिनेटमध्ये डिफॉल्टला तीन सायकल सलग चुकल्या की कनेक्शन पडतं, म्हणजे ६ मिलिसेकंद. प्रत्येक फोटोला नाही पडायचं, कधीतरी पडायचं, आणि म्हणूनच सापडायला आठवडा गेला.

उपाय याच क्रमाने करा. शक्य असेल तर कॅमेऱ्याला वेगळी केबल टाका, एका केबलच्या पैशात सगळी कटकट संपते. नसेल जमत तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये दोन पॅकेटमधलं अंतर वाढवा, म्हणजे तो फोटो एका झटक्यात न ओतता हळूहळू सोडेल. मग मॅनेज्ड स्विच घ्या आणि प्रायॉरिटी क्यू (घाईच्या फ्रेमची वेगळी रांग) चालू करा. प्रोफिनेटच्या आरटी (रिअल टाइम) फ्रेमवर व्हीलॅन टॅगमध्ये (फ्रेमवरची चिठ्ठी म्हणा) प्रायॉरिटी ६ असतेच, स्विचने फक्त ती मानायला हवी. त्यानंतरही सगळ्यात मोठी फ्रेम आधीच निघाली असेल तर ती संपेपर्यंत थांबावंच लागतं, १०० एमबीपीएसवर ते १२३ मायक्रोसेकंद, प्रत्येक स्विचला. २ मिलिसेकंदांच्या सायकलला पाच सहा स्विचपर्यंत चालून जातं. सर्व्होच्या सिंक्रोनाइज्ड अॅक्सिसला नाही चालत, तिथे मग वेळेचे दरवाजे लागतात, २०१५ च्या ८०२.१ क्यूबीव्ही या स्टँडर्डमध्ये आहेत तसे, ठरलेल्या मायक्रोसेकंदाला बाकी सगळ्यांची दारं बंद. ते स्वतंत्र लिहिण्याइतकं मोठं आहे.

प्रायॉरिटी लावताना एक धोका लक्षात ठेवा. स्ट्रिक्ट प्रायॉरिटीमध्ये वरची क्यू रिकामी होईपर्यंत खालच्याला काहीच मिळत नाही. म्हणून वरच्या वर्गात फक्त तेच ठेवा ज्याचा वेग ठरलेला आणि मोजलेला आहे, सायक्लिक आयओ. कुणी त्यात व्हिडिओ किंवा बॅकअप टाकला की संपलं. खालच्या क्यू आपसात वेटेड राउंड रॉबिनवर (ठरलेल्या वाट्याने आळीपाळीने) ठेवा म्हणजे एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन), डेटा लॉगिंग, लॅपटॉप सगळ्यांना थोडं थोडं मिळत राहतं.

शेवटी टेस्ट, आणि ही कमिशनिंगच्या दिवशीच, मशीन रिकामं असताना. प्रत्येक डिव्हाइसच्या आकड्याचं जास्तीत जास्त वय साठवणारं एक रजिस्टर ठेवा. मग एकेका डिव्हाइसची सप्लाय काढा, पाच मिनिटं थांबा, बाकीच्यांचं जास्तीत जास्त वय वाचा, परत लावा, पुढचं काढा. दोन डिव्हाइस एकदम काढूनही बघा. ऑपरेटरला सगळे सेटपॉइंट भराभर बदलायला सांगा. कुणाचंही वय त्याच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं नाही तर सही करा. आम्ही भट्टीला हे केलं तेव्हा एकोणीस डिव्हाइसना अख्खी दुपार लागली आणि त्यात एक व्हीएफडी सापडला जो पॉवर परत आल्यावर पहिले दोन सेकंद लाईनवर कचरा टाकायचा, दुसऱ्यांच्या फ्रेम खराब व्हायच्या, त्याचं कम्युनिकेशन कार्ड बदललं.

आणि तो तक्ता, डिव्हाइस, मिलिसेकंद, किती फेऱ्यांनी पाळी, जास्तीत जास्त वय, फेरीत किती वेळ शिल्लक, हे सगळं एका पानावर छापून लॅमिनेट करून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. आमच्या तक्त्यात शेवटी शिल्लक २९५ मिलिसेकंद लिहिलंय. मागच्या महिन्यात कुणाला तरी चौथा मीटर जोडायचा होता, त्याने दार उघडलं, तक्ता वाचला आणि १५ रजिस्टरच्या तुकड्यांतच जोडला, पण चौथ्या मीटरमुळे मीटरची फेरी साडेआठवरून सव्वाअकरा सेकंदांवर जात होती, दहाच्या बाहेर, म्हणून त्याने फोन केला. आम्ही नको असलेली हार्मोनिकची रजिस्टर काढून टाकली आणि प्रत्येक मीटर तीन तुकड्यांत बसवला.